चुकलेला ठेका

विरारजवळच्या चंदनसारमध्ये डबलबारीचा फलक लागला की भजनाचे दर्दी आधी बुवा कोण ते वाचत आणि मग एकमेकांना विचारत, प्रल्हाद घाडी येणार आहे का? येणार असेल तर मंडळाचे अध्यक्ष दोन धट्टेकट्टे कार्यकर्ते त्याच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बसवत. चहा त्याला आधी मिळे, तोही कागदी कपात. काचेचा पेला त्याच्या हातात द्यायचा नाही, असं तिथे न बोलता ठरलेलं होतं.

डबलबारी ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन भजनी बुवा, दोन मेळे, एक मंच. पहिला बुवा दीड तास गातो, समोरच्याला चिमटे काढतो, सवाल टाकतो. दुसरा आपल्या दीड तासात त्याची सव्याज परतफेड करतो. नमन, अभंग, गौळण आणि शेवटी गजर. गजराला पखवाज असा काही धावतो की पुढच्या रांगेतल्या माणसाच्या छातीचा भाता हलतो. सिंधुदुर्गातली माणसं विरार-नालासोपाऱ्याला येऊन फ्लॅटवाली झाली, पोरं इंग्रजी शाळेत गेली, पण गजर लागला की साठीचा क्लार्कही खुर्चीत बसल्या बसल्या उड्या मारतो. ते एकदा बघितलंत तर तुम्ही त्याला हसणार नाही.

प्रल्हाद मात्र उड्या मारायचा नाही. तो मारायचा. गौळण चालू असताना फोनवर बोलणाऱ्या एकाची भुवई त्याने नालासोपाऱ्याला खुर्चीच्या पायाने फोडली होती. विरारला एका तबलजीला मंचावरून कॉलर धरून खाली ओढलं होतं. एकदा तर स्वतःच्या साडूच्या मुस्कटात दिली होती, कारण साडू भलत्याच मात्रेवर टाळी वाजवत होता. भांडण पेटलं की कार्यकर्ते माईक बंद करत, बुवा पेटी मिटत आणि बारी तिथेच मोडे. लोक शिव्या घालत घरी जात. दुसऱ्या दिवशी वालीवच्या कारखान्यात प्रल्हाद खाली मान घालून कामाला हजर. विचारलं तर एवढंच म्हणे, ठेका चुकत होता.

या माणसाला संगीताचं वेड होतं म्हणून तो असा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला त्यांचा राग येतो. वेड पुष्कळांना असतं, सगळे काही दुसऱ्याचं डोकं फोडत सुटत नाहीत. प्रल्हादचं दुखणं वेगळं होतं आणि ते त्याच्या उजव्या हातावर कुणालाही दिसण्यासारखं होतं.

देवगडकडून सोळाव्या वर्षी तो इकडे आला तेव्हा त्याच्याकडे एक पत्र्याची पेटी होती आणि पखवाज होता. दिवसा वालीवला डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर काम, सुटीच्या दिवशी वायंगणकर बुवांच्या मेळ्यात साथ. बुवा त्याला आपल्या उजव्या हाताशी बसवत. तो वाजवायला लागला की समोरचा बुवा आपला सवाल विसरत असे, असं जुनी माणसं सांगतात. जुनी माणसं वाढवून सांगतात, पण इतकं नाही. मग दोन हजार नऊच्या एका सकाळी प्रेस अर्धा क्षण आधी खाली आला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट झाकणाच्या पत्र्याबरोबर खालच्या ट्रेमध्ये पडली. शेजारच्या माणसाने ती उचलून रुमालात बांधली, पण रुमाल तेलाने माखलेला होता आणि दवाखान्यात कुणी तो उघडूनसुद्धा बघितला नाही.

मालकाने त्याला पॅकिंगला बसवलं. वायंगणकर बुवा शहाळं घेऊन भेटायला आले, डोळे पुसून गेले, आणि पुढच्या भजनाला त्यांच्या उजव्या हाताशी दुसरा पोरगा बसला. त्यांनी तरी काय करायचं होतं? भजन पखवाजावाचून उभं राहत नाही. हे प्रल्हादला कळत होतं, आणि कळत असूनही त्याच्या पोटात जे पेटलं ते विझलं नाही.

त्या पोराचं नाव जितेंद्र पाताडे. वय बावीस, अंगाने सडपातळ, आणि प्रल्हादला तो दादा म्हणायचा. दोन वर्षं तो लहानसहान कार्यक्रमांत वाजवत तयार झाला आणि दोन हजार अकराच्या माघात नालासोपाऱ्याच्या एका मैदानावर त्याची पहिली डबलबारी लागली. बुवांच्या मेळ्यात एक जुनी रीत होती. नव्या वादकाची पहिली बारी गजर वाजवून पुरी झाली तरच बुवा त्याच्या हातात सुपारी ठेवत आणि तो मेळ्याचा झाला. मध्येच मोडली तर त्याला पुन्हा म्हणून बसवायचं नाही. मोडायचं कारण कोण विचारतो? अपशकुन तो अपशकुनच.

प्रल्हाद त्या दिवशी पहिल्या रांगेत बसला होता. हजारभर माणूस जमलं होतं. जितेंद्रने पहिल्या थापेलाच मैदान गप्प केलं. गौळणीला त्याने ठेका असा मागे ओढून धरला आणि नेमक्या समेवर असा सोडला, की म्हातारे हात जोडायला लागले. प्रल्हादच्या शेजारचा माणूस म्हणाला, असा पखवाज गेल्या वीस वर्षांत ऐकला नाही. वीस वर्षांत. म्हणजे त्यात प्रल्हादची सगळी वर्षं आली.

पुढचं दोन मिनिटांत झालं. गजर सुरू होणार तेवढ्यात प्रल्हाद मंचावर चढला. पखवाजाचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर जुळवायची लोखंडी हातोडी तिथेच ठेवलेली असते. ती त्याने उचलली, जितेंद्रचा उजवा हात पखवाजावर दाबून धरला आणि मनगटावर तीन वेळा मारली. पहिल्या घावाला पोरगं किंचाळलं. तिसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज माईकने मैदानभर पोचवला. रक्त पखवाजाच्या काळ्या शाईवर उडालं आणि कातडी वाद्यांवरून खाली ओघळलं. लोकांनी प्रल्हादला मंचावरून फेकलं, लाथांनी तुडवलं, दोन बरगड्या मोडल्या. तो तुडवला जात असताना एकच ओरडत होता, ठेका चुकला, ठेका चुकला.

पोलीस आले, गावकी बसली, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिटवलं. जितेंद्रचं मनगट जुळलं पण वाकडं जुळलं. बुवांनी रीत पाळली आणि त्याला पुन्हा बसवलं नाही, बसवलं असतं तरी त्या हाताने काय वाजणार होतं? तो जूचंद्रच्या नव्या सोसायट्यांमध्ये वॉचमन झाला. आणि मौज अशी की लोकांनी हळूहळू प्रल्हादचं म्हणणं मान्य केलं. घाडी तापट खरा, पण त्याचा कान पक्का. पोराचा ठेका चुकलाच असणार, नाहीतर तो चढला कशाला? चौदा वर्षं हीच गोष्ट सांगितली गेली. प्रल्हादच्या तोंडी तर ती इतकी बसली होती की एकटा असतानासुद्धा तो तीच स्वतःला सांगत असे.

त्याची एकुलती मुलगी क्षितिजा नऊ वर्षांची झाल्यावर त्याने माळ्यावरचा पखवाज खाली काढला. त्याला आता वाजवता येत नव्हतं, पण बोल त्याच्या जिभेवर होते. तो तोंडाने म्हणायचा, ती हाताने वाजवायची. चुकली की कारखान्यातून आणलेल्या पत्र्याच्या पट्टीचा फटका बोटांच्या पेरांवर. कधी कधी पेरं फुटत आणि पखवाजाच्या कडेला रक्ताचं बोट उमटे. पोर रडायची, डोळे पुसायची, पुन्हा वाजवायची. त्याची बायको लतिका एकदा ती पट्टी घेऊन खाली गेली आणि नाल्यात फेकून आली. दुसऱ्या दिवशी त्याने नवी आणली. कारखान्यात पत्र्याला काय तोटा?

क्षितिजाचा हात मात्र तयार झाला. एकविसाव्या वर्षी ती बँकेत चिकटली, आणि त्याच वर्षी थकलेले वायंगणकर बुवा स्वतः घरी येऊन म्हणाले, हिला बसवतो. रामनवमीनंतरचा रविवार, चंदनसारचं मैदान, दुसरी बारी. रात्री दहानंतर स्पीकरला परवानगी नाही म्हणून कार्यक्रम दुपारी चारला. फलकावर क्षितिजाचा फोटो लागला आणि खाली ठळक अक्षरांत मृदंगमणी कुमारी क्षितिजा प्रल्हाद घाडी. प्रल्हाद रोज कामावरून येताना त्या फलकासमोर सायकल थांबवायचा.

बुवांनी जाताना रीतीची आठवण करून दिली. पहिली बारी गजरापर्यंत गेली पाहिजे. त्यांनी प्रल्हादकडे बघितलं नाही, पण घरातल्या सगळ्यांना कळलं. ते गेल्यावर लतिका पोळपाट बाजूला सारून उभी राहिली.

"ह्या खेपेक तुम्ही हात उचललात तर मी चेडवाक घेवन भावाकडे जातलंय," ती क्षितिजाकडे बोट दाखवून म्हणाली. "परत येवचंय नाय."

प्रल्हादने देव्हाऱ्यासमोर शपथ घेतली. कुणी काहीही करो, भांडण म्हणून करायचं नाही, आवाज म्हणून चढवायचा नाही. बारी मोडू द्यायची नाही. लतिकाने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, पण शपथ ऐकून घेतली.

रविवारी सकाळी त्याने कणीक मळली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय तो खर्जात बोलत नाही. कणीक सैल झाली तर गळून पडते, घट्ट झाली तर आवाज ठोकळ्यासारखा येतो. प्रल्हाद उरलेल्या तीन बोटांनी आणि डाव्या तळव्याने अर्धा तास मळत बसला. एक गोळा लावायला दिला आणि दोन जादा गोळे स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून खांद्याच्या पिशवीत ठेवले. एप्रिलचं ऊन होतं, मंचावर मोठाले पंखे असणार, कणीक सुकणार हे त्याला ठाऊक होतं.

पहिली बारी त्याने दगडासारखी ऐकली. समोरच्या मेळ्याचा तबलजी दोनदा घसरला, शेजारचे कार्यकर्ते प्रल्हादकडे बघून सावरून बसले, तो हलला नाही. समोरच्या बुवांनी गौळणीत चिमटा काढला की वायंगणकर म्हातारे झाले, आता पुरुष मिळत नाहीत म्हणून पोरी बसवतात. मैदान हसलं. प्रल्हादने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पावणेसहाला क्षितिजा बसली. पोपटी साडी, केसांत एक अबोलीची वेणी, मांडीवर बापाचा पखवाज. पहिली थाप पडली आणि प्रल्हादच्या अंगावर सर्रकन काटा आला. मैदानभर माणसं बोलायची थांबली. अभंगाला तिने बुवांचा थकलेला आवाज असा अलगद उचलून धरला की म्हाताऱ्याला दहा वर्षं कमी झाल्यासारखी वाटली. मघाशी हसलेली माणसं आता माना डोलवत होती. प्रल्हादच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याने ते पुसलं नाही. एवढं सुख त्याला कधीच झालं नव्हतं, आणि त्या सुखाच्या पोटात कुठेतरी चौदा वर्षांपूर्वीचं ते मैदान होतं.

गौळण निम्मी झाली तेव्हा त्याला डाव्या तोंडाचा आवाज बदललेला ऐकू आला. कणीक सुकत होती. क्षितिजाने तांब्यातलं पाणी लावलं, पण पंखा नेमका तिच्यावर होता. तिने गर्दीत बापाला शोधलं. प्रल्हाद पिशवी सावरून उठला. सोबतचा कार्यकर्ता विचारायला लागला तेव्हा त्याने डबा दाखवला आणि मंचामागच्या वाटेने निघाला.

मंडपाच्या मागे एका अर्धवट इमारतीचं कुंपण होतं, हिरव्या पत्र्यांचं. त्यातल्या एका फटीतून कुणीतरी त्याची मान धरून त्याला आत ओढलं. तोंडावर पहिला गुद्दा बसला आणि पुढचे दोन दात जिभेवर आले. सिमेंटच्या पोत्यांवर तो आदळला. समोर वॉचमनच्या खाकी शर्टात जितेंद्र पाताडे उभा होता, सोबत त्याचे दोन पुतणे. जितेंद्रच्या डाव्या हातात लोखंडी सळईचा तुकडा होता. उजवा हात मनगटात वाकडा होऊन नुसता लोंबत होता.

तो शांतपणे म्हणाला, "ओरड. बोंबल मोठ्यान. लोकांका येवंदेत. माझी बारी मोडललंस, आता तुझ्या चेडवाची मोड."

पुतण्यांनी मारायला सुरुवात केली. पोटात, बरगड्यांत, मांडीवर. पूर्वी मोडलेल्या बरगडीवर बूट बसला तेव्हा प्रल्हादच्या घशातून आवाज वर आला. पत्र्यापलीकडे वीस पावलांवर बायका बसल्या होत्या. एक आरोळी गेली असती की कार्यकर्ते धावले असते, माईक बंद झाला असता, बुवांनी पेटी मिटली असती. प्रल्हादने पिशवीत हात घातला, डबा उघडला आणि कणकेचा एक गोळा तोंडात कोंबला. दात नसलेल्या खाचांत कणीक जाऊन बसली. तो त्यात ओरडला. बाहेर काहीच आलं नाही.

त्याने हात उचलला नाही. ज्या माणसाने साडूला सोडलं नाही तो माणूस सिमेंटच्या पोत्यांवर मुटकुळं करून पडला आणि मार खात राहिला. एका पुतण्याने केस धरून त्याचं डोकं पत्र्याच्या खांबावर आपटलं. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, सगळं लाल दिसायला लागलं. पलीकडे क्षितिजा वाजवत होती. त्याने तिच्या मात्रा मोजायला सुरुवात केली. लाथ बसली की मोजणी हुके, तो पुन्हा समेपासून धरे.

जितेंद्रने पुतण्यांना थांबवलं. तो खाली वाकला आणि त्याने प्रल्हादच्या तोंडातला रक्ताने लाल झालेला गोळा बोटाने उकरून बाहेर काढला.

"एक सांग. त्या दिवशी माझो ठेको चुकललो?"

प्रल्हादला श्वास घेता येत नव्हता. चौदा वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी त्याला मारलं होतं, पोलिसांनी नाव-गाव विचारलं होतं, गावकीने नाक घासायला लावलं होतं, पण हा एक प्रश्न कुणाला सुचला नव्हता. ठरलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. पत्र्यापलीकडून त्याच्या मुलीने ठेका मागे ओढून धरला, अगदी तसाच, आणि समेवर सोडला. ते त्यानेच तिला शिकवलं होतं. आणि तो ते कुणाचं ऐकून शिकला होता, हे त्याला त्या क्षणी आठवलं.

"नाय," तो म्हणाला. "चुकूक नव्हतो. तू माझ्यापेक्षा बरो वाजयत होतंस."

जितेंद्रने प्रल्हादचा डावा हात पोत्यावर ओढून धरायला पुतण्यांना सांगितलं आणि सळई मारली. एकदाच. हाड मोडलं. प्रल्हादने स्वतःचा उजवा दंड दातांत धरला, मांस तुटेपर्यंत धरला, आणि ओरडला नाही.

गौळण संपली होती. बुवा गजराआधीची चार वाक्यं बोलत होते. क्षितिजाने सूर तपासायला डाव्या तोंडावर थाप मारली आणि फट् असा कोरडा, पोकळ आवाज आला. कुंपणाच्या आत दोघांनीही एकदम मान वर केली. कणकेचा पापुद्रा सुटला होता. या डाव्या तोंडावर गजर उभा राहणार नाही, पहिल्याच फेरीत उघडा पडेल, हे त्या दोघांना समजलं. पुतण्यांना समजलं नाही.

"मार हवो तितको," प्रल्हाद म्हणाला. तो आता रडत होता. "पण डब्यात एक गोळो आसा. तो तिका दी."

जितेंद्रने डब्याकडे बघितलं. शिवी घातली. डबा लाथाडेल असं वाटलं, पण त्याने सळई एका पुतण्याकडे दिली, खाली वाकून तो डाव्या हाताने उचलला, फडकं सोडलं, गोळा वाकड्या उजव्या हाताच्या दोन बोटांत दाबून बघितला. कणीक चांगली मळलेली होती. तो पत्र्याच्या फटीतून बाहेर गेला. पुतणे एकमेकांकडे बघत उभे राहिले, मग सळई टाकून तेही सटकले.

गजर लागला. ओली कणीक लागलेलं डावं तोंड गुरगुरलं आणि प्रल्हादच्या पाठीखालची पोती हादरली. तो एका डोळ्याने आभाळाकडे बघत पडून राहिला. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. मैदानावर लोक खुर्च्यांवर चढले असावेत, पाय आपटल्याचा आवाज जमिनीतून येत होता. क्षितिजा एकेका फेरीला लय दुप्पट करत गेली आणि कुठेही सांडली नाही. शेवटची तिहाई पडली, सम आली, आणि बारी पुरी झाली. त्या एवढ्या वेळात त्याला एकही जखम दुखली नाही. पुढे तो हे लोकांना सांगायचा तेव्हा कुणाला खरं वाटायचं नाही.

मग तो उठला. कसा उठला ते त्याचं त्याला ठाऊक. मंचावर बुवांनी क्षितिजाच्या ओंजळीत सुपारी ठेवली होती आणि टाळ्या चालल्या होत्या. मंचाच्या पायरीशी जितेंद्र उभा होता, रिकामा डबा हातात घेऊन. रक्ताने माखलेला, तोंडाला कणीक चिकटलेला प्रल्हाद पायऱ्या चढताना दिसला तशा टाळ्या थांबल्या. कार्यकर्ते पुढे धावले, त्यांना वाटलं हा पुन्हा चढला. लतिका पहिल्या रांगेत उभी राहिली. त्याने मोडका हात छातीशी धरून बुवांसमोरच्या माईककडे तोंड नेलं.

"चवदा वर्सां मी खोटा बोललंय," तो म्हणाला. "जितेंद्राचो ठेको चुकूक नव्हतो. तो माझ्यापेक्षा बरो वाजयत होतो, म्हणान मी तेचो हात मोडलंय."

जितेंद्रने डबा मंचाच्या कडेला ठेवला आणि तो गर्दीतून चालायला लागला. लोकांनी त्याला वाट करून दिली. वायंगणकर बुवांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अपशकुनी म्हणून ज्या पोराला त्यांनी पुन्हा बसवलं नव्हतं, त्याला हाक मारायचं धैर्यसुद्धा म्हाताऱ्याला झालं नाही.

दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली. लतिका पुढे ड्रायव्हरच्या बाजूला कशीबशी टेकली, मागे प्रल्हाद आणि क्षितिजा, मध्ये पखवाज. हाताला कुणाचं तरी उपरणं बांधलं होतं. कुणी मारलं हे लतिकाने विचारलं नाही, तिला ते विचारायची गरज नव्हती. डॉक्टरांना पाय घसरला म्हणून सांगायचं, एवढं प्रल्हाद पुटपुटला. तो अंगाने मोडला होता पण मनातून हलका झाला होता. पोरीची बारी पुरी झाली होती, हात उचलला नव्हता, खरं बोलून झालं होतं. आता क्षितिजा जवळ सरकेल, काहीतरी बोलेल, असं त्याला वाटत होतं.

क्षितिजाच्या मुठीत सुपारी होती. ती आपल्या बोटांच्या पेरांकडे बघत होती. बारा वर्षांचे वळ होते, काही पांढरे, काही अजून तांबूस.

"बाबा," ती म्हणाली, "मला मारायचात तेव्हा दर वेळी माझा ठेका चुकलेला असायचा का?"

लतिकाने मान वळवली नाही. रिक्षा रेल्वे फाटकाशी थांबली होती. प्रल्हादला खोटं बोलता आलं असतं, चौदा वर्षांची सवय होती. पण आज ते जमेना.

"कधी कधी ठेको चुकायचो," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "कधी कधी तू माझ्यापेक्षा बरी वाजयत होतंस."

क्षितिजाने मधला पखवाज उचलून आपल्या मांडीवर घेतला, त्याच्याभोवती दोन्ही हात घातले, आणि दवाखाना येईपर्यंत ती बाहेर बघत बसली.